पर्गोलावरचे दोडके

शिरपूर जैनमध्ये घर बांधायचा मुहूर्त पंचांगापेक्षा बाजार समितीत जास्त ठरतो. सोयाबीन विकलं, हरभरा पेरून झाला, तूर शेतात उभी आहे, अशा बेतानं दिवाळीनंतर रेती-गिट्टीचे ट्रॅक्टर गल्लीबोळांत शिरू लागतात आणि मिस्त्र्याला भाव येतो. पूर्वी घर बांधणाऱ्याला गाव दोनच प्रश्न विचारायचं. खोल्या किती, आणि वर स्लॅब की टिन? आता तिसरा प्रश्न आलाय. "समोर काय करून राह्यले?" या प्रश्नाचं उत्तर कुणी तोंडानं देत नाही. खिशातून मोबाइल काढतो.

मोबाइलमध्ये एक फोटो असतो. खाली लाकडी पट्ट्यांची जमीन, डोक्यावर लाकडी पट्ट्यांचंच छत, कोपऱ्यात अंड्याच्या आकाराचा वेताचा झुला, मध्ये एक गोल खड्डा आणि त्यात छानपैकी जाळ. पांढऱ्या गाद्या, पिवळे दिवे, मागे समुद्र. फोटो बालीचा असतो, पोर्तुगालचा असतो, हल्ली तर कॉम्प्युटरनं मनानं काढलेलाही असतो. पण सगळ्या फोटोंत एक गोष्ट सारखी: माणूस एकही नाही. समुद्र आपल्याकडे नाही हे घरमालकाला मान्य असतं. तेवढा सोडून बाकीचं बसव, असं तो मिस्त्र्याला सांगतो.

आमच्या गल्लीत गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात असा फोटो मिस्त्र्यापुढे धरला गेला तेव्हा मी शेजारी म्हणून हजर होतो. मिस्त्री जुना माणूस. तंबाखू मळता मळता त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला, छोटा केला, आडवा करून पाहिला.

"हे वरतं काय व्हय?"

"पर्गोला."

"याच्यावर टिन नाही?"

"नाही. तसंच राहते ते."

"मंग पाणी येईन ना खाली."

"येऊ द्या."

"ऊनही येईन."

"ऊनही येऊ द्या. सावलीचे पट्टे पडतात त्याचे, ते चांगले दिसतात."

मिस्त्र्यानं तंबाखूची चिमूट लावली आणि बराच वेळ आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "भाऊ, पाणी येते, ऊन येते, मंग बांधता कायले?"

डिझाइन नावाच्या विषयावर मी बरीच रंगीत मासिकं चाळली आहेत. इतका मुद्द्याचा प्रश्न त्यांत कुठे भेटला नाही.

शेवटी तोडगा मिस्त्र्यानंच काढला. "म्हंजे मांडव व्हय. मंग तसं सांगा ना राजेहो." आणि लोखंडी चौकोनी पाइपचा मांडव उभा करून त्याला लाकडाचा रंग देण्याचं ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी दारात हिरव्या डहाळ्यांचा मांडव घालायची आपली रीत आहे. चार दिवसांत डहाळ्या वाळतात, पाहुणे जातात, मांडव उतरतो. हा मात्र कायमचा. घरात लग्न नाही, वरात नाही, आणि दारात मांडव, म्हणून पहिले काही दिवस येणारा-जाणारा "तारीख कोणती?" असं विचारून जायचा.

ज्यांना शिरपूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला. गावाच्या नावामागचं 'जैन' आलं ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. मूर्ती जमिनीला टेकत नाही, तिच्याखालून वस्त्र सरकतं, अशी श्रद्धा आहे आणि त्यासाठी देशभरातून यात्रेकरू येतात. पूजेच्या हक्कावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथांचा वाद इतका जुना की 1929 मध्ये तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. 1981 पासून मंदिराला कुलूप होतं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडलं. मधल्या चाळीसेक वर्षांत यात्रेकरू यायचे, झरोक्यातून दर्शन घ्यायचे आणि बाहेर टेकायचे. दार बंद असलं तरी अंगणात बसायला कुठल्याच कोर्टाची हरकत नसते, हे त्या काळात गावानं जवळून पाहिलं.

बाहेर बसणं हा तसा आमचा पिढीजात धंदा. जुन्या घरांत आधी रस्त्याला लागून ओटा, मग सपरी, मग आतला चौक, मागे परसदार, वर धाबं. या प्रत्येकाचं वेळापत्रक ठरलेलं. पहाटे अंगणात शेणाचा सडा आणि रांगोळी. सकाळी ओट्यावर म्हाताऱ्यांची बैठक, कारण उन्हं तिकडून येतात. दुपारी सपरीत बाज टाकून झोप. संध्याकाळी पुन्हा ओटा, पण आता बायकांचा, निवडायच्या डाळीसकट. रात्री उन्हाळ्यात धाब्यावर पाणी मारून अंथरुणं. एकाच घरातली माणसं सूर्याला चुकवत दिवसभर घराभोवती फिरायची. घरातल्या घरात फक्त देव, धान्य आणि बाळंतीण असायची.

याला कुणी 'आउटडोअर लिव्हिंग' म्हणत नव्हतं, कारण 'इनडोअर'मध्ये जगणं मेमध्ये शक्यच नव्हतं. पारा 43-44 च्या वर गेला की टिनाच्या घराचं जे होतं ते ज्यानं सोसलंय त्यालाच माहीत. अंगण मात्र थंड असायचं, आणि त्यामागे चोख पदार्थविज्ञान आहे. उघड्या आभाळाखालची जमीन रात्रभर उष्णता वर सोडत राहते. थंड झालेली हवा जड, ती चौकात खाली साचते. सड्याचं पाणी वाळताना जमिनीतली उष्णता घेऊन जातं. वर एखादा निंब असला की तो दिवसभर पानांतून पाणी सोडत, विजेचं बिल न लावता कुलरचं काम करतो.

हेच सगळं चार्ल्स कोरिया यांनी मोठ्या व्यासपीठांवरून सांगितलं. आपल्या हवामानात आभाळाखालची मोकळी जागा हीसुद्धा एक खोलीच आहे, असा त्यांचा आग्रह. 1980च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी सात-सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती बसवली. ती वसाहत बघायला वास्तुकलेचे विद्यार्थी अजून जातात. आमच्या गल्लीतल्या मोठ्या मायनं हे ओट्यावरून न उठता सांगितलं असतं. पण तिला विचारायला कोण येणार? ती फी घेत नाही, म्हणून तिच्या सल्ल्याला किंमत नाही.

विदर्भात बाहेर राहण्याचा सगळ्यात नामांकित पुरस्कर्ता विचाराल, तर तो वर्ध्याजवळ सापडेल. 1936 पासून सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींची कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे, तिला ऐसपैस पडव्या आहेत, आणि झोपायला त्यांना उघडं आभाळच आवडायचं. नव्या मासिकांच्या भाषेत 'मिनिमल', 'सस्टेनेबल', 'लोकल मटेरियल', सगळं तिथे भरलेलं आहे. फक्त गाद्यांना कुशन नाही, म्हणून फोटो कुणी मिस्त्र्याला दाखवत नाही.

असो. फॅशन ही फॅशन असते. वाड्याच्या काळातही कुणीतरी शेजाऱ्याच्या दिंडी दरवाजाकडे बघून आपला दरवाजा दोन बोटं उंच केलाच असेल. माझी तक्रार नव्या वस्तूंबद्दल नाही. त्या इथे आल्यावर त्यांचं जे होतं ते बघण्यासारखं असतं, एवढंच.

पहिला मान झुल्याचा. टांगता अंडाकृती झुला 1959 मध्ये डेन्मार्कच्या नाना डिट्झेल यांनी नवऱ्याबरोबर घडवला. डेन्मार्कमध्ये थंडी फार, एकटेपणही फार. तिथे एका माणसानं एका अंड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसावं, हे समजण्यासारखं आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे ती बंगई. सागवानी फळी, लोखंडी कड्या, आणि तिच्यावर तीन मोठे, दोन पोट्टे नि एक सुपारीचा डबा एका वेळी मावतात. अंड्यात एकच मावतो. बारा हजारांचा झुला म्हणजे, हमीभावानं धरलं तरी, अडीच क्विंटल सोयाबीन. 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये होता, आणि तो बाजारात किती जणांच्या हाती पडला ते शेतकऱ्यांना विचारा. अडीच क्विंटलात एकच माणूस झुलतो हे पाहून शेजाऱ्यांच्या घरात पहिल्या दिवशी शांतता पसरली. सासूबाई बसल्या तर सुनेनं उभं राहायचं, सून बसली तर सासूबाईंनी बघायचं. शेवटी दोघींनी बसणं सोडलं. गावाहून आलेले मामा मात्र हौसेनं आत शिरले. ते बाहेर येईनात. एकानं झुला धरला, दुसऱ्यानं मामांचे हात धरले, आणि तिसरा मोबाइलवर व्हिडिओ काढत राहिला. मामा खाली उतरल्यावर धोतर नीट करत म्हणाले, "पिलू निघते तसं निघालो बाप्पा." आता त्या अंड्यात मांजर असते. एका आकाराला योग्य माप अखेर मिळालं.

मग डेक. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र दाबून केलेल्या पट्ट्या जमिनीपासून चार बोटं वर बसवतात. फोटोत सुरेख दिसतं. पण शिरपुरात जमिनीपासून अधांतरी राहण्याचा मान एकाच मूर्तीला आहे, आणि तो तसाच राहावा. त्या चार बोटांच्या पोकळीत पहिल्या पावसाळ्यात उंदीर राहायला आले, आणि उंदरांच्या मागावर जो येतो तोही आला. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीखालून वस्त्र सरकतं तेव्हा भाविक हात जोडतात. डेकखालून जे सरकलं ते बघूनही घरच्यांनी हातच जोडले, पण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून.

कृत्रिम गवताची गोष्ट आणखी मजेची आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला 1965 मध्ये छत असलेलं प्रचंड स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हानं खेळाडूंचे डोळे दिपायला लागले, म्हणून तावदानं रंगवली, तर आतलं खरं गवत मेलं. मग 1966 मध्ये तिथे नायलॉनचं गवत अंथरलं. ते बनवणारी कंपनी कोणती? मॉन्सॅन्टो. जिचं नाव आपल्या कपाशीवाल्या भागानं 2002 नंतर बीटी बियाण्याच्या निमित्तानं घरोघरी ऐकलं, तीच. म्हणजे गवत सावलीत मेलं म्हणून स्टेडियमात अंथरलेली वस्तू आम्ही उन्हात अंथरतो. खरं गवत पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतं. प्लॅस्टिकला तशी सोय नाही. ते नुसतं तापतं. मेमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा, हिरवळीबद्दलचं सगळं काव्य एका उडीत उतरेल. आमच्या गल्लीतल्या शेळीनं या गवताची रीतसर परीक्षा घेतली. आत शिरली, तोंड लावलं, चावलं, थांबली. मालकाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण संबंध संपल्याची जाणीव होती. त्यानंतर ती त्या फाटकाकडे वळली नाही. मालक म्हणतो, फायदाच झाला.

पिवळ्या दिव्यांच्या माळा उन्हाळ्यात शोभतात. मृगाचा पाऊस पडला की पहिल्याच संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेल्या वाळव्या निघतात आणि जिल्ह्यातले इतर सगळे किडेही त्या पार्टीला हजेरी लावतात. त्या काळात बाहेर बसून जेवायचं असेल तर दिवे मालवावे लागतात, आणि दिवे मालवले तर माळा कशाला लावल्या, असा नवा वाद जेवताना निघतो. पानातलं काय खाल्लं हे अंधारात दिसत नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

जाळाच्या खड्ड्याबद्दल मात्र मी गंभीर होतो. इंग्रजीत त्याला मोठं नाव आहे, गॅसवर चालतो, काचेचे तुकडे वगैरे. आमच्याकडे थंडीत पऱ्हाट्या-तुराट्यांची शेकोटी चौकाचौकांत पेटते आणि तिच्याभोवती गावातल्या निम्म्या बातम्या तयार होतात. शेजाऱ्यांनी विटांचा गोल खड्डा बांधून घेतला, त्याला काळा रंग दिला, भोवती अर्धगोल सिमेंटचं बाकडं केलं. पंधरवडा बरा गेला. मग एका पहाटे शेजारच्या काकूंना जाणवलं की जाळ आहेच तर वाया का घालवायचा? त्यांनी तीन विटा मांडल्या आणि पाण्याचा गंज चढवला. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी फायर पिटवर तापतं. गिझर बंद आहे. फोटोतल्या डिझायनरला हे कळवावं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

आणि आउटडोअर किचन! फोटोत बाहेर ग्रॅनाइटचा ओटा असतो, त्यात सिंक, शेजारी बार्बेक्यूची जाळी आणि चिमटा. वऱ्हाडातल्या माणसाला हे दाखवणं म्हणजे निव्वळ अपमान. रोडग्याचा कार्यक्रम ज्यानं एकदा शेतात बघितलाय त्याला बाहेर स्वयंपाक करायचं कुणी शिकवू नये. जाडसर कणकेत मीठ, ओवा, तेल. लहान पोळ्या लाटून एकात एक गुंडाळायच्या, वरून शेवटची पोळी लपेटून गोळा बंद करायचा. तोवर गोवऱ्यांचा जाळ बसून लालभडक आर तयार झालेला असतो. गोळे त्यात सोडायचे, काठीनं फिरवत राहायचे. भाजले की गोणपाटात घालून राख झटकायची, मुठीनं फोडायचे, आतले पदर सुटतात त्यांत तूप सोडायचं. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. रोडग्याला लागलेली चिमूटभर राख हा त्यातला मसाला आहे. तो काढून टाकणारा माणूस पाहुणा असतो, किंवा जावई.

बाहेर जेवण वाढण्याचा आमचा आवाकाही सांगून ठेवतो. मालेगाव तालुक्यातच डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या यात्रेत पुरी-भाजीचा महाप्रसाद असतो आणि तो पंगतींमधून ट्रॅक्टर फिरवून वाढतात. ज्या तालुक्यात वाढप्याला ट्रॅक्टर लागतो, त्या तालुक्याला चार खुर्च्यांचा डायनिंग झोन दाखवून काय उपयोग?

'झोन' हा शब्द पुण्याच्या पुतण्यानं आणला. शेजाऱ्यांचा पुतण्या, आयटीत आहे, समृद्धी महामार्ग झाल्यापासून गाडी घेऊन वरचेवर येतो. त्यानं अंगणात उभं राहून हातवारे करत समजावलं. "काका, हा तुमचा लाउंज झोन. हा डायनिंग. इथे मेडिटेशन. आणि इथे काहीच नाही ठेवायचं, तो स्पेस मोकळा सोडायचा."

काका म्हणाले, "मोकळा? काहून?"

"मोकळा म्हणजे, डोळ्यांना बरं वाटतं."

"बाबू, मोकळी जागा या गावात आठ दिवस राहत नाही. तू सोडशीन, लोक भरतीन."

पुतण्या हसला. नव्या पिढीचा विश्वास मोठा असतो.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खटकते, आणि विनोदाच्या लेखात एवढी सवलत घेतो. जुना ओटा रस्त्याकडे तोंड करून होता. त्यावर बसणारा गावाला दिसायचा आणि गाव त्याला. थकलेला वाटसरू न विचारता टेकायचा. यात्रेकरू पत्ता विचारता विचारता पाणी पिऊन जायचा. नवीन पॅटिओ, म्हणजे हे सजवलेलं अंगण, आतल्या बाजूला तोंड करून बसतो. समोर सात फुटांची कंपाउंड वॉल, लोखंडी गेट, त्यावर 'कुत्र्यापासून सावध राहा', आणि आत बाहेर बसण्याची जय्यत तयारी. बाहेर बसायचं, पण बाहेरच्यांना दिसायचं नाही. आभाळ हवं, शेजारी नको. पूर्वी भिंत चोरासाठी असायची, आता ती मावशीसाठी असते. रिसोडच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंची नवी घरं पाहा. गेट बंद, आतले दिवे चालू, आणि गेटबाहेरच्या नालीवर टाकलेल्या फरशीवर घरातले आजोबा बसलेले. त्यांना पॅटिओ दाखवून झालेला असतो. त्यांना माणसं बघायची असतात.

तर मुद्दा मोकळ्या जागेचा. ऑक्टोबर उजाडला. सोयाबीन निघालं, मळणी झाली, आणि ऐन वेळी आभाळ भरून आलं. सोयाबीनचं सगळं गणित ओलाव्यावर असतं. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारनं ती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली, तरी व्यापारी मूठभर दाणे दाताखाली चावून जो निकाल देतो त्यावर अपील नाही. म्हणून त्या दिवसांत जिथे म्हणून टणक, सपाट, ऊन लागणारी जागा दिसेल तिथे सोयाबीन पसरतं. डांबरी रस्त्याची एक बाजू, शाळेचं मैदान, मंदिरासमोरची फरशी, सगळं.

शेजाऱ्यांच्या अंगणात पुतण्यानं नियोजनपूर्वक मोकळा सोडलेला गट्टूंचा झोन होता. त्याला हलका उतार, भरपूर ऊन, चोहोबाजूंनी भिंत, म्हणजे जनावरं येत नाहीत. पहिल्या दिवशी तिथे काकांचं सोयाबीन पडलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या भावाचं, लाउंज झोनमध्ये. तिसऱ्या दिवशी गेट उघडंच राहिलं, कारण समोरच्या घरचे, बाजूच्या घरचे आणि मागच्या गल्लीतले एक गुरुजी, ज्यांचं काकांशी बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं, सगळे आपापल्या ताडपत्र्या घेऊन आले. डेकवर ताडपत्री टाकल्यामुळे खालच्या रहिवाशांचाही बंदोबस्त झाला. मेडिटेशन झोनमध्ये बायका सूप घेऊन पाखडायला बसल्या, आणि सुपाच्या तालावर जी एकाग्रता लागते ती कुठल्याही अॅपवर लागत नाही. प्लॅस्टिकच्या गवतात मात्र दाणे अडकतात, म्हणून ते गुंडाळून भिंतीला उभं केलं. ते अजून तिथेच उभं आहे. संध्याकाळी ढग आले की सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या ताडपत्र्या झाकायच्या. त्या महिन्यात त्या पॅटिओत जितकी माणसं वावरली तितकी गृहप्रवेशालाही नव्हती.

त्यानंतर थांबायचं काही कारणच उरलं नाही. मार्चमध्ये शिजवलेली हळद पडली. ती वाळायला पंधरवडा घेते, आणि वाळून झाल्यावर करड्या गट्टूंना असा पिवळा रंग चढला की रंगसंगतीसाठी वेगळा खर्च करायची गरज राहिली नाही. एप्रिलमध्ये कुरडया, पापड, खारोड्या. कावळ्यांसाठी राखणदार म्हणून नातवाला अंड्यात बसवलं, म्हणजे मांजराची तेवढी गैरसोय झाली. पर्गोलाच्या पट्ट्या एरवी निरुद्योगी होत्या. त्यांना शेवयांसाठी काठ्या बांधल्या. आणि पावसाळ्याच्या तोंडावर काकूंनी पर्गोलाच्या चारही खांबांच्या बुडाशी दोडक्याचं बी टोचलं. श्रावणापर्यंत वरची मोकळी चौकट हिरवीगार भरली. आता ऊन येत नाही, पाऊसही गळून गळून बारीक येतो, आणि खाली खरोखर बसवतं.

मिस्त्री परवा दुसऱ्या कामासाठी गल्लीत आला होता. त्यानं वर बघितलं, लोंबणारा एक दोडका बोटानं टिचकी मारून पाहिला, आणि म्हणाला, "आता समजलं कायले बांधलं ते."

तेव्हा वाचकहो, या दिवाळीनंतर तुम्हीही मोबाइलमधला फोटो घेऊन मिस्त्र्याकडे जाणार असाल, तर जरूर जा. फक्त एवढं करा. अंगणाला गेटकडे उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी सपरीत येतं. सगळी जमीन गट्टूंनी बुजवू नका, थोडी माती राहू द्या, रात्री झोप तिच्यामुळे लागते. निंब आडवा येत असेल तर नकाशा बदला, निंब नको. गेटच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, दोन हात लांबीचा एक ओटा बांधा, आजोबांसाठी. आणि लाउंज झोनची लांबी-रुंदी ताडपत्रीच्या मापानं घ्या, म्हणजे कडा दुमडाव्या लागत नाहीत.

दोडके यंदा भरपूर आलेत. काकूंनी गल्लीत सांगून ठेवलंय, ज्याला पाहिजेत त्यानं संध्याकाळी न्यावेत. पिशवी घरून आणावी.